पाच मॅच, दोन गोल

ढाक्याची मॅच होऊन आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून शेवटी लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, पण ज्यांना फुटबॉलचं फार काही नाही त्यांनीही वाचा अशी विनंती, कारण ह्यात आपल्या पोरापोरींचा विषय आहे.

१८ नोव्हेंबर २०२५, बांगलादेश १ भारत ०. सुरुवातीच्या दहा-बारा मिनिटांतच शेख मोरसालिनने गोल मारला आणि पुढचा सगळा वेळ आपल्याला तो एक गोल फेडता आला नाही. २००३ नंतर पहिल्यांदा बांगलादेशने आपल्याला हरवलं. ग्रुपवर दोघातिघांनी लिहिलं की आपण तर आधीच बाहेर पडलोय, आता हरलो काय जिंकलो काय, काय फरक पडतो. मला पडतो. खूप पडतो. आणि मला वाटतं हे 'काय फरक पडतो' हेच आपल्या फुटबॉलचं सगळ्यात जुनं दुखणं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२७ चा एशियन कप सौदी अरेबियात आहे. २४ टीम खेळणार. त्यातल्या १८ जागा वर्ल्डकप क्वालिफायरच्या दुसऱ्या फेरीतूनच भरल्या, उरल्या सहा, त्या सहा जागांसाठी २४ टीमचे सहा ग्रुप पाडले आणि प्रत्येक ग्रुपमधून फक्त पहिला नंबर आत. आपल्या ग्रुपमध्ये कोण होतं तर हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश. जपान नव्हतं, कोरिया नव्हतं, इराण नव्हतं. ड्रॉ निघाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांना मेसेज टाकले होते की भावा, सौदीची तिकिटं बघायला लागा.

आणि झालं काय? मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगला जाऊन भरपाई वेळेत पेनल्टी दिली, ०-१. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला आपल्या झिंगनला रेड कार्ड, दहा जणांनी खेळलो आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने वाचवलं, १-१. मग गोव्यात फातोर्ड्याला त्याच सिंगापूरकडून १-२. मग ढाका. पाच मॅच, दोन गोल, दोन पॉइंट. हे आकडे मी कागदावर लिहून बघितले, कारण नुसते डोक्यात धरले तर खरे वाटत नाहीत. एक मॅच अजून शिल्लक आहे मार्च २०२६ मध्ये, पण तिच्यावर आता आपलं काही अवलंबून नाही.

आता हाँगकाँगचंच घ्या. जून २०२२ मध्ये कोलकात्याला, भरलेल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, ह्याच हाँगकाँगला आपण ४-० ने हरवलं होतं आणि ग्रुपमध्ये पहिले येऊन मागच्या एशियन कपला गेलो होतो. कंबोडिया, अफगाणिस्तान, हाँगकाँग, तीन मॅच तीन विजय. म्हणजे हे काही कायमच आपल्या आवाक्याबाहेरचं नव्हतं. तीन वर्षांत ते पुढे गेले आणि आपण कुठे होतो तेच कळत नाही.

फातोर्ड्याला मी होतो.

१४ ऑक्टोबर, दिवाळीच्या आदला मंगळवार. चौघांनी सुट्टी टाकली आणि सकाळी कोल्हापुरातून निघालो, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत. आंबोलीत धुकं होतं, गाडीत टीम कशी लावायची ह्यावरून भांडण चालू होतं आणि बांद्याला वडापाव खाईपर्यंत आमची टीम ठरलेली होती. मडगावात पोचलो तेव्हा स्टेडियमबाहेर बारकी बारकी पोरं निळे टी-शर्ट घालून, गालावर तिरंगा रंगवून रांगेत. आमच्या शेजारी एक म्हातारे गोंयकार बसले होते, ब्रह्मानंद शंखवाळकरांना गोलमध्ये उभं राहिलेलं बघितलेली पिढी, त्यांच्याशी मराठी-कोकणी मिसळून गप्पा जमल्या. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने गोल मारला तेव्हा त्या माणसाने माझा खांदा असा धरला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. वाटलं, झालं, आज सुटलो.

मग हाफटाइमच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-यंगचा गोल. आणि दुसऱ्या हाफमध्ये परत तोच. त्यानंतर जी अर्धा तास धडपड बघितली ती मी विसरणार नाही, कारण आमची पोरं मनापासून पळत होती हो, कुणी हात झटकून उभं नव्हतं, पण बॉल बॉक्सच्या आसपास गेला की पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसल्यासारखं. क्रॉस टाकायचा तर आत कोण? मारायचं तर कुणी? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. शिट्टी वाजली तेव्हा ते आजोबा काही बोललेच नाहीत, चष्मा पुसला, आमच्या चौघांशी हात मिळवला आणि पायऱ्या उतरून गेले. परतीच्या रस्त्यात गाडीत रेडिओ पण नाही लावला कुणी.

आता सिंगापूरचं पण ऐका. ज्या दिवशी आपण ढाक्याला हरलो त्याच दिवशी ते हाँगकाँगला जाऊन २-१ ने जिंकले आणि एशियन कपला क्वालिफाय झाले. १९८४ ला ते यजमान म्हणून खेळले होते, मैदानात लढून जागा मिळवायची ही त्यांची पहिलीच वेळ. सगळा देश साठ लाखांचा. मला त्यांचा राग नाही येत, उलट बरं वाटलं त्यांचे व्हिडिओ बघून, रडत होते खेळाडू.

लोक मला लगेच सांगतात की आपल्यावर अन्याय झाला. जून २०२४, दोहा, कतारविरुद्ध बॉल लाइनच्या बाहेर गेलेला सगळ्या जगाने बघितलं आणि तरी गोल दिला. खरंय, मी त्या रात्री मोबाइल आपटला होता. ती मॅच जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत गेलो असतो आणि एशियन कपला थेट, हे सगळं खेळावंच लागलं नसतं. पण त्याच्या अडीच महिने आधी गुवाहाटीत, आपल्या घरात, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या मॅचला अफगाणिस्तानकडून १-२ हरलो ते? त्यात कुठल्या रेफरीचा हात होता? आणि छेत्रीच्या निरोपाच्या मॅचला कुवेतशी ०-०, तिथे एक गोल झाला असता तरी चित्र वेगळं असतं. म्हणजे फिरून फिरून तिथेच येतो आपण, गोल कोण मारणार.

छेत्रीने जून २०२४ मध्ये निवृत्ती घेतली. मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. माझ्यासाठी तो देव आहे, २००८ साली दिल्लीत ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅटट्रिक मारली तेव्हापासून आणि त्याच जिंकलेल्या चॅलेंज कपवर आपण २०११ चा एशियन कप खेळलो, म्हणजे २७ वर्षांनी. पण ज्या देशात निवृत्त झालेल्या माणसाला नऊ महिन्यांनी पुन्हा बूट बांधायला लावतात त्या देशात त्याच्या मागे कुणाला तयारच केलं नव्हतं हे मान्य करायला पाहिजे. क्लबांत नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागेवर वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू, आपली पोरं विंगला किंवा बेंचवर. ज्याला वर्षभर बॉक्समध्ये उभं राहायला मिळत नाही त्याने देशाच्या मॅचला तिथे जाऊन शांत डोक्याने बॉल जाळ्यात मारावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

आणि तयारी? पहिल्या मॅचला कोच एकाच वेळी गोव्याचा क्लब आणि देश दोन्ही सांभाळत होते. जुलैमध्ये ते गेले. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, मुंबईत खेळलेला, ऐझॉलला आय-लीग जिंकून दिलेला माणूस, तेरा वर्षांनी भारतीय कोच, मला फार आनंद झाला होता. आल्या आल्या मध्य आशियाच्या नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्या घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. पण त्याच सुमारास आयएसएल, म्हणजे आपली सगळ्यात वरची लीग थांबली आणि हे लिहितोय तोवर, नोव्हेंबर २०२५ पर्यंत, सुरू झालेली नाही. काही क्लबांनी शिबिराला खेळाडू सोडायलाच नकार दिला. लीग नाही, मॅच नाहीत, पगाराचा पत्ता नाही आणि अशा पोरांना आपण म्हणतो जा आणि ढाक्यात जिंकून या. क्वालिफायर ही परीक्षा आहे असं आपण कधी मानलंच नाही. वर्ल्डकप आला की पेठेत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, रात्र रात्र जागतो आपण, पण भारताची क्वालिफायर कधी आहे हे दहा जणांना विचारा, दोघांना माहीत असलं तर मला सांगा.

रायन विल्यम्सचं मात्र मला कौतुक वाटतं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, तो पासपोर्ट सोडून भारतीय झाला. ढाक्याला टीमसोबत गेला पण कागदपत्रांअभावी खेळता आलं नाही. त्याच्यासारखे अजून यावेत.

आता ज्याच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहितोय ते.

५ जुलै २०२५, शनिवार, आषाढीच्या आदला दिवस. आईने टीव्हीवर वारी लावलेली, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी मोबाइलवर डोकं घालून चियांग मायची मॅच बघतोय, भारत विरुद्ध थायलंड, बायकांच्या एशियन कपची क्वालिफायर. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-० हरवून आलेलो, थायलंड पण सगळ्या जिंकून आलेलं, दोघींचे नऊ-नऊ पॉइंट, आज जिंकेल ती एशियन कपसाठी ऑस्ट्रेलियाला. आणि हे थायलंड म्हणजे दोन वर्ल्डकप खेळलेली टीम, रँकिंगमध्ये आपल्या बरीच पुढे, वर त्यांचंच मैदान.

अर्ध्या तासाच्या आत संगीता बासफोरने लांबून असा काही शॉट मारला की मुलगी किंचाळली आणि आई घाबरून उठली. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच थायलंडने बरोबरी केली. मग जवळजवळ अर्धा तास पोटात गोळा. आणि ७४ व्या मिनिटाला परत संगीता, हेडर. २-१. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत मुलीने माझा हात सोडला नाही. भारताच्या मुली क्वालिफायर खेळून एशियन कपला गेल्या असं ह्याआधी कधीच झालं नव्हतं. संगीता पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठून आलेली मिडफिल्डर.

आणि ज्यांना २०२२ आठवतंय त्यांना ह्याची किंमत जास्त कळेल. तेव्हा एशियन कप आपल्याकडेच होता, नवी मुंबई, अंधेरी, बालेवाडी. इराणशी ०-० झाली आणि मग टीममध्ये कोरोना पसरला, दुसऱ्या मॅचला तेरा खेळाडू उभ्या करता येईनात, आणि स्वतःच्या घरातल्या स्पर्धेतून त्या पोरींना खेळल्याशिवाय बाहेर पडावं लागलं. एवढं सोसून त्या स्वतःच्या पायांवर परत तिथेच पोचल्या.

मंगोलिया, तिमोर दुबळ्या टीम आहेत हे मला कळतं, २४ गोलांतले बरेच तिथे आलेत. पण थायलंड दुबळं नव्हतं. फरक काय होता तर स्पर्धेच्या आधी बंगळुरूला भरपूर दिवस सगळ्या एकत्र राहिल्या, क्रिस्पिन छेत्री हा एकच कोच आणि त्याचं एकच काम. ह्या स्पर्धेसाठी तयारी करायची हे कुणीतरी ठरवलं आणि तेवढं तरी धड केलं. पैसा, नाव, टीव्ही, ह्यातलं पुरुषांना जे मिळतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढं त्यांना मिळतं. ४ मार्च २०२६ ला पर्थमध्ये व्हिएतनामशी पहिली मॅच, मग जपान, मग चायनीज तैपेई. जपानसमोर काय होईल ते होईल, पण तिथून २०२७ च्या ब्राझील वर्ल्डकपचा रस्ता जातो आणि त्या रस्त्यावर आपल्या मुली उभ्या आहेत. त्यांच्यासाठी एक पोस्टर अख्ख्या शहरात दिसलं नाही मला.

आमचं शहर फुटबॉलचं म्हणवतं. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमला मुंगी शिरायला जागा नसते, आणि १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला अनिकेत जाधव गेला तेव्हा आमची छाती फुगली होती. पण माझ्या मुलीच्या टीमच्या ह्या अख्ख्या वर्षात किती मॅच झाल्या मोजा. पाच. त्यातली एक पावसाने अर्धी सोडली. वर्षभर आठवड्यातून चार दिवस सराव, शंकू लावून पळणं, पासिंग, सगळं, आणि मॅच पाच. एका शाळेने टीम यायची आदल्या दिवशी रद्द केली कारण मुलींना घेऊन यायला शिक्षक नाही. ज्या वयात मॅचमध्ये गोल चुकवून चुकवून मारायला शिकायचं असतं त्या वयात तिला समोर शंकू आहेत. मुलांचंही फार वेगळं नाही, फक्त मॅच जरा जास्त. पुढे वीस वर्षांची होऊन ही पोर बॉक्समध्ये गोंधळली तर आपण टीव्हीसमोर बसून शिव्या देणार.

म्हणून आम्ही पाच-सहा पालकांनी ठरवलंय की दर रविवारी मॅच लावायची. मैदान आहे, दोन बॉल आहेत, शिट्टी मी वाजवतो, पाणी आणि केळी आमच्याकडून. दहा ते तेरा वयाच्या मुलींची दुसरी टीम हवी आहे, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कुठलीही. अकरा जमत नसतील तर सात आणा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता. यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, शनिवारी रात्री सांगितलंत तरी चालेल.