“काहीच केलं नाही आणि तीनशे रुपये घेतले” या रिव्ह्यूला दातांच्या क्लिनिकचं उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला आणि मुलाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. रिसेप्शनवरच्या मुलीचं बोलणं तुटक वाटलं असं लिहिलंत, तिच्याशी बोलले आहे.

पण “अर्धा तास खेळवलं, दाताला हात लावला नाही आणि तीनशे रुपये घेतले” हे वाक्य काही केल्या घशाखाली उतरत नाही.

मुलाबद्दल जास्तीचं काही इथं लिहिणार नाही, ते चव्हाट्यावर मांडायचं नसतं. तुम्ही जेवढं लिहिलंत तेवढ्यावरच बोलते. ऑटिझम असलेलं मूल पहिल्यांदा येतं तेव्हा आम्ही मुद्दामच दाताला हात लावत नाही. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. ही पद्धत १९५९ पासूनची आहे, मी शोधलेली नाही. आरसा आधी मुलाच्या हातात द्यायचा, मग त्याच्या नखाला टेकवायचा. हवेचा फवारा तळहातावर. तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवून तिचा फुर्रर्र आवाज ऐकवायचा, कारण ज्याला घरातला मिक्सर सहन होत नाही त्याच्या तोंडात तो आवाज एकदम झाला तर ते मूल खुर्चीवरून उडी मारणारच. एक्स-रेचा जड एप्रन अंगावर घालून बघायचा; काही मुलं त्या वजनानं शांत होतात, काही फेकून देतात, आणि आपलं मूल कुठलं हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. तुम्हाला हा खेळ दिसला. माझं ते काम आहे.

तीनशे ही तपासणीची फी आहे, ती फोनवर सांगितली होती. सकाळची पहिली वेळ मी या मुलांसाठी राखते. तेव्हा बाहेर कोणी बसलेलं नसतं, आतून ड्रिल ऐकू येत नाही, औषधाचा तो लवंगेसारखा वास भरलेला नसतो. गणेश चवथीआधीचा शुक्रवार, म्हापशाचा बाजार, गाडी लावायला जागा नाही, सगळं मान्य. पण तुम्ही पोचलात तोवर आत रूट कॅनल सुरू झालं होतं. रिव्ह्यूत फक्त “ताटकळत ठेवलं” एवढंच आहे.

“दुसऱ्या डॉक्टरनं दोघांना धरायला लावून पाच मिनिटांत दात काढला असता.” काढला असता, ताई. पुढच्या वेळी मात्र मूल जिन्यावरच बसलं असतं. सूज असेल, ताप असेल, रात्रभर दुखत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मीच हॉस्पिटलात भूल देऊन काढून घ्या म्हणून पाठवते. हलणारा दुधाचा दात थोडा थांबतो.

पणजीत २०२३ पासून दिव्यांगांसाठीचा पर्पल फेस्ट भरतो, सगळ्यांना सामावून घेण्यावर भाषणं छान होतात. माझ्यासारख्या एका खुर्चीच्या क्लिनिकात त्याचा अर्थ अर्धा तास खुर्ची अडवून ठेवणं, एवढाच होतो. भाडं आणि विजेचं बिल त्या अर्ध्या तासाचंही येतं. उपकार म्हणून सांगत नाही, पण लोक हा एक स्टार बघून दुसरीकडे वळतात.

फीचा कागद आता रिसेप्शनवर लावतोय. पहिल्या भेटीआधी व्हॉट्सॲपवर खुर्चीचे, आरशाचे फोटो पाठवतो, त्याबरोबर त्या दिवशी काय होणार नाही हेही लिहू. वेटिंगचंही काहीतरी करतोय, जागा लहान आहे.

तुमची दुसरी वेळ अजून वहीत आहे. तिची फी नाही, आणि ती रिव्ह्यूमुळे माफ केलेली नाही. पावतीच्या मागे पहिल्यापासून तसं छापलंय. शुक्रवार सोडून कुठलाही वार सांगा. तोवर घरी ब्रश करताना त्याला मांडीवर डोकं ठेवून आडवं करा आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजा. दहा झाले की थांबायचं, अकरावर जायचं नाही. इथंही आम्ही दहालाच थांबतो. येताना त्याचा नेहमीचा ब्रश आणि पेस्ट आणा, आमची पेस्ट मिंटची आहे, ती झोंबते.