फेरमोजणी हवीच, पण नियम आधी ठरवा

अटीतटीच्या निवडणुकीत हरलेला फेरमोजणी मागतो आणि जिंकलेला त्याला रडीचा डाव म्हणतो. पुढच्या खेपेला पात्रं बदलतात, संवाद तेच!

हाताने मोजलं की अचूकच, हा भाबडेपणा आहे. माणूस दमतो, दोन मतपत्रिका चिकटून जातात, बेरीज चुकते. हातमोजणीचा खरा उपयोग वेगळाच: यंत्राला न कळलेली खूण माणसाला कळते. आणि भांडण तिथेच सुरू होतं.

अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य, 2000 ची अध्यक्षीय निवडणूक. सुमारे 60 लाख मतांत बुश आणि गोर यांच्यात फरक 537 चा. अनेक काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) मतदार कार्डाला भोक पाडून मत देत. कुठे कागदाचा तुकडा एका कोपऱ्याला लटकलेला, कुठे नुसता खळगा. खळगा म्हणजे मत का? कायदा एवढंच सांगत होता, की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसावा. पाम बीच काउंटीत तर मोजणी चालू असतानाच निकष बदलले. त्यात गोर यांनी हातमोजणी मागितली ती चारच काउंट्यांत, तीही त्यांच्या पक्षाचा जोर असलेल्या. त्यांच्या चाहत्यांना झोंबेल, पण हे मला पटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकषांमधल्या तफावतीवर बोट ठेवलं, ते योग्यच. पण एकच नियम लावून सगळीकडे मोजा म्हणायचं सोडून 5 विरुद्ध 4 मतांनी मोजणीच गुंडाळली, हे त्याहून वाईट.

याउलट मिनेसोटा राज्य, 2008 ची सिनेट (अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह) निवडणूक, कोलमन विरुद्ध फ्रँकन. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून कायद्यानेच फेरमोजणी, तीही राज्यभर. वादग्रस्त मतपत्रिका पाच जणांच्या मंडळाने सर्वांसमक्ष तपासल्या. त्यातले चौघे न्यायाधीश. एका मतदाराने फ्रँकन यांच्यापुढचं वर्तुळ भरलं होतं आणि खाली स्वतःच्या हाताने ‘सरडे लोक’ असंही लिहून ठेवलं होतं. (लोकशाहीत असेही नग असतात.) ते मत बाद झालं. एका केंद्रावरच्या 133 मतपत्रिका सापडल्याच नाहीत, तिथे यंत्राचा मूळ आकडा धरला. कोलमन 215 मतांनी पुढे होते. फेरमोजणी आणि नंतरचा कोर्टातला खटला संपता संपता फ्रँकन 312 मतांनी जिंकले.

कोलमन यांनी हार मानली ती जून 2009 च्या अखेरीस. तोवर सिनेटमधली ती जागा जवळपास सहा महिने रिकामी होती. एवढा उशीर मला चालेल.