जॅन कूमच्या गोष्टीत झाडूच फार

व्हॉट्सॲप उभं करणाऱ्या जॅन कूमची गोष्ट सांगताना जो तो झाडूपासून सुरुवात करतो. किराणा दुकानात लादी झाडणारा पोरगा अब्जाधीश झाला, तेव्हा तुम्हीही जिद्द सोडू नका! मला याची मनापासून चीड येते. या माणसाने नेमकं केलं काय, तेच त्यात राहून जातं.

कूम वाढला सोव्हिएत काळात, कीव्हजवळच्या गावात. फोनवर कोणी ऐकत असेल या धाकाने आईवडील मोजकंच बोलायचे. १९९२ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो आई आणि आजीबरोबर कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला आला. वडील मागेच राहिले. आई लोकांची मुलं सांभाळायची, घराला सरकारी फूड स्टॅम्पचा, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या मदतीचा, आधार होता.

आता त्याचं ॲप बघा. २००९ मध्ये ते निव्वळ स्टेटस दाखवायचं. स्टेटस बदललं की मित्रांच्या फोनवर सूचना जायला लागली आणि लोक त्यातूनच एकमेकांना उत्तरं देऊ लागले. कूमने ते हेरलं आणि मेसेजिंग आणलं. पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नाही, फोन नंबर हीच ओळख. साध्या नोकियावरही चालायचं. टेबलावर सहसंस्थापक ब्रायन ॲक्टनची चिठ्ठी: जाहिराती नाहीत, गेम नाहीत, चमकोगिरी नाही. माणसं मागे सोडून आलेल्याला आणि फोनला घाबरणाऱ्या घरात वाढलेल्यालाच हे इतकं नेमकं सुचतं, असं माझं ठाम मत आहे.

२०१४ मध्ये फेसबुकने कंपनी घेतली, सुमारे १,९०० कोटी डॉलरला. तेव्हा वापरणारे ४५ कोटी आणि कर्मचारी जेमतेम ५५! कूमने सही केली ती पूर्वीच्या समाजकल्याण कार्यालयाच्या दाराशी, जिथे तो फूड स्टॅम्पसाठी रांगेत उभा राहायचा. स्थलांतरितांना बोजा म्हणणाऱ्यांनी हे दार जरूर बघावं. रांगेतल्या त्या मदतीशिवाय नुसत्या जिद्दीवर हे घर तरलं असतं, असं मला वाटत नाही.

कंपनी विकली म्हणून त्याला नावं ठेवणारे आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक नाही. २०१६ मध्ये वापरणाऱ्यांचे फोन नंबर फेसबुकला द्यायचं ठरलं, ते मलाही खटकलं. २०१८ मध्ये कूम बाहेर पडला. पण त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये, मालक बदललेला असताना, प्रत्येक मेसेजला एन्क्रिप्शन लागू झालं. मधे कोणी, अगदी कंपनीनेही, मेसेज वाचू नये अशी ती सोय आजही चालू आहे. त्याचं सगळ्यात मोठं काम मी तेच मानतो.