सगळ्यांना ठाऊक असलेला बिघाड

बेळगावात लॉरी बिघडली की मिस्त्रीच्या आधी मतं येऊन पोचतात. मिस्त्रीला फोन करावा लागतो. मतं आपल्या पायांनी येतात, चहा पितात आणि बिल लॉरीच्या मालकाच्या नावावर लावून जातात.

कोल्हापूरहून गूळ भरून येताना, निपाणी ओलांडल्यावर तवंदीच्या घाटात आमच्या लॉरीनं रंग दाखवला. ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर जागच्या जागी, आणि रेसचा काटा आपल्या मर्जीनं वर-खाली. चढाला पिकअप नाही, मोकळी उभी केली तरी रेस एका जागी राहीना, डॅशबोर्डावर पिवळा दिवा.

“मालक, गाडी हंटिंग मारालीय बघा,” ड्रायव्हर फोनवर म्हणाला.

“घाट संपला की थांबंल काय?”

“घाट संपंल ओ. हंटिंगचं सांगता येत न्हाई.”

माथ्यावरच्या टपरीवर पहिलं निदान झालं: डिझेलात पाणी. निदान वाईट नव्हतं, खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. सेपरेटरमधलं पाणी सोडलं, फिल्टर बदलला. काळाकुट्ट निघालेला जुना फिल्टर सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, ‘बघा, बघा’ म्हटलं, आणि इंजिन पुन्हा तसंच वर-खाली करू लागलं.

दुसरं निदान आमच्या भावजींचं. त्यांनी पूर्वी कधीतरी टेंपो चालवला आहे, त्यामुळे डिझेल या विषयावर घरात त्यांचाच शब्द शेवटचा. “इंजेक्टर गेलेत. डोळं झाकून सहाच्या सहा काढ.” इंजेक्टर म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी. सहाच्या सहा काढले, साफ केले, बसवले. खर्च मात्र डोळे उघडे ठेवून द्यावा लागला. तिसरं निदान आईचं: दृष्ट. तिनं लिंबू-मिरच्या बांधल्या. गुण इंजेक्टरइतकाच आला, पण पैशाच्या मानानं हा उपाय फार उजवा.

शेवटी ऑटोनगर. तिथले आमचे मिस्त्रीमामा कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या इनलाइन डिझेल पंपांवर वाढलेले. रेस ताब्यात ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग त्यांच्याशी बोलते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून ऐकतात. ऐकून झाल्यावर त्यांनी पाना घेतला आणि चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायला गेले. जुन्या गाड्यांना असंच करून कुठलं सिलिंडर मार खातंय ते शोधत.

“ब्याड री अण्णा!” गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा गोकाककडचा स्कॅनरवाला पोरगा ‘नको, नको’ करत लॅपटॉप टाकून धावला.

पोरगा बरोबर होता. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, दाब सोळाशे बारपर्यंत जातो, म्हणजे आमच्या टायरात जेवढी हवा कोंबतो त्याच्या जवळजवळ दोनशेपट. त्या दाबानं सुटलेली डिझेलची बारीक धार दिसतही नाही आणि सरळ कातडीत घुसते. मामांनी पाना ठेवला, पण कन्नडमध्ये जे काही पुटपुटले ते स्कॅनरला उद्देशून नव्हतं.

स्कॅनरनं कोड दिला. मला वाटलं, सुटलो. पण कोड एवढंच सांगत होता की कॉम्प्युटर मागतोय तेवढा दाब रेलमध्ये मिळत नाही. का मिळत नाही, ते तुम्ही शोधा. पाइपातून हवा ओढतेय, टाकीतून डिझेल आणणारा फीड पंप दमलाय, इंजेक्टर जास्तीचं डिझेल परत सोडताहेत, दाबाचा सेन्सर खोटं बोलतोय, वायर तुटलीय, किंवा मग मीटरिंग युनिट. कंपनीच्या पुस्तकात त्यालाच फ्यूएल कंट्रोल ॲक्च्युएटर म्हणतात.

हे युनिट म्हणजे आमच्या गल्लीचा व्हॉल्व्हमन. हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी बसतं आणि आत किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटरच्या हुकमानं ठरवतं. वीज गेली तर आमच्या पंपावरचं हे युनिट बंद होत नाही, सताड उघडं पडतं. आमचा व्हॉल्व्हमन झोपल्यावर रस्त्यावर पाणी येतं तसं. आणि कचऱ्यानं अडखळू लागलं की हुकूम पोचतो, झडप उशिरा हलते, कॉम्प्युटर चिडून आणखी हुकूम सोडतो, झडप मग गरजेपेक्षा जास्त सरकते. ही ओढाताण म्हणजेच हंटिंग.

पोरानं सॉकेट काढून कॉइलला मीटर लावला. दोन-तीन ओहम, म्हणजे ठीक.

“मग चांगलं हाय की!” मामा खूश.

“कॉइल चांगली री. झडप अडकत्यात,” पोरगा म्हणाला. वायरिंग हलवून पाहिलं, फीड पंप बघितला, मग प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे डिझेल परत नेणाऱ्या पाइपला, बाटली लावली. सगळ्या बाटल्या सारख्याच, थोड्याच भरल्या, म्हणजे इंजेक्टर ठीक. भावजींना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

आता युनिट बदलायचं. काम लहान, तयारी मोठी. पंप बाहेरून धुऊन, हवा मारून कोरडा करायचा, कारण आत गेलेला एक कण नव्या युनिटलाही जुन्याच्या वाटेनं नेतो. बोल्ट चांदणीच्या तोंडाचे. मामा ॲलन की ठोकून बसवायला निघाले होते, त्यांना थांबवलं. मग त्या तोंडात बसणाऱ्या टोकासाठी, म्हणजे बिटसाठी फिरलो. उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात, हायड्रॉलिक पंप तयार होतात, पण उसना द्यायला चांदणीचा एक बिट कुणाकडे नव्हता. ज्याच्याकडे होता त्यानं आधी बिघाड ऐकून घेतला आणि टर्बो बघायला सांगितलं.

पुढचं पटकन झालं. ओ-रिंगला स्वच्छ डिझेल लावलं, युनिट सरळ बसवलं, नवे बोल्ट सारखे आवळले, हँडपंप मारून हवा काढली, कोड पुसला. सेल्फ मारला. काटा एका जागी उभा राहिला. गळती बघून घाटाच्या रस्त्यावर चाचणीही झाली.

“इंजेक्टर साफ केल्यामुळं नवीन पार्ट टिकंल,” भावजी म्हणाले. आईनं लिंबू काढू दिलं नाही.

मामांनी जुनं युनिट फडक्यानं पुसलं, कानाशी हलवून ऐकलं आणि ड्रॉवर उघडला. आत त्याच जातीची आणखी काही पुसून ठेवलेली होती.

“कॉइल चांगली हाय. कुणाच्या तरी उपयोगी पडंल,” ते म्हणाले.

शेजारी अथणीची एक लॉरी उभी होती, रेस वर-खाली करत. मी मामांच्या हातातून युनिट काढून घेतलं आणि खिशात घातलं. खिशाला डिझेलचा डाग पडला. मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि अथणीवाल्याला आपल्यावर कुणी उपकार केलेत याची कल्पनाही नाही.