दोन भावांचे दोन अहवाल

मिनियापोलिसच्या एका उपनगरात मी ३१ वर्षे राहतो आहे आणि माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, कराडला आमच्या जुन्या घरी राहतात. तीन वर्षांच्या अंतराने आम्हा दोघांनाही प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले. माझ्या वार्षिक रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन) वाढलेला दिसला म्हणून माझा रोग कसलाही त्रास सुरू होण्यापूर्वी सापडला. दादांचा सापडला तेव्हा तो कण्याच्या हाडांत पोचलेला होता, आणि त्याआधीचे सात महिने त्यांच्या कंबरदुखीवर मणक्याची झीज समजून शेक, पट्टा आणि गोळ्या एवढेच उपचार चालले होते. आज दोघांच्याही कागदपत्रांत एकेक जनुकीय अहवाल आहे. हे दोन अहवाल मुळातच निराळ्या जातीचे आहेत, पण गावाकडच्या चर्चेत दोन्हींना ‘जीन टेस्ट’ हे एकच नाव असल्यामुळे मागणी एका चाचणीची होते आणि गरज दुसरीचीच असते.

ही चर्चा आमच्या घरापुरती नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आरोग्य तपासणीची पॅकेजे विकली जातात, त्यांत पीएसए असतोच, आणि आता लाळेच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून भविष्यातला धोका सांगणाऱ्या चाचण्याही त्यांना जोडल्या जाऊ लागल्या आहेत. पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या मला कळवळून विचारतो, “काका, तिकडे प्रत्येकाची जीन टेस्ट होते, म्हणून तिकडचे पेशंट वाचतात ना? मग आपल्या माणसांना ती का मिळू नये?” साताऱ्यात उभी हयात वैद्यकी केलेला माझा शाळासोबती नेमके उलटे म्हणतो. त्याच्या मते जिथे बायोप्सीच वेळेवर होत नाही, तिथे जनुकांच्या गोष्टी करणे म्हणजे घराला छप्पर नसताना दिवाणखान्याचे पडदे निवडणे आहे. दोघांचीही कळकळ मी जाणतो. तरीही मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते.

आधी माझ्या अहवालाविषयी सांगतो. प्रोस्टेटच्या गाठीतील पेशींची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिची श्रेणी ठरवण्याची पद्धत डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडली, आणि ते काम करीत होते ते माजी सैनिकांचे रुग्णालय याच मिनियापोलिसमध्ये आहे. माझी श्रेणी ३ अधिक ४ अशी निघाली, म्हणजे लगेच शस्त्रक्रिया करावी असेही नाही आणि निर्धास्त राहावे असेही नाही. अशा मधल्या श्रेणीच्या रुग्णासाठी इथे गाठीच्या ऊतीवर आणखी एक चाचणी करतात. प्रोलॅरिस ही चाचणी ४६ जनुकांचे वाचन करते, ऑन्कोटाइप १७ जनुकांचे, आणि माझ्या बाबतीत वापरलेली डिसायफर २२ जनुकांचे. बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवला जातो, त्या पेशींत कोणती जनुके किती जोमाने कार्यरत आहेत हे आरएनए या रेणूवरून, म्हणजे चालू जनुकांच्या पेशीतल्या नकलांवरून, मोजले जाते आणि शून्य ते एक यांमधला एक आकडा हाती येतो. ०.४५ च्या खाली असेल तर रोग पुढे दूरवर पसरण्याचा धोका कमी आणि ०.६० च्या वर असेल तर जास्त, असा त्याचा ढोबळ अर्थ. माझा आकडा ०.३१ आला. एमआरआय, पीएसए वाढण्याचा वेग आणि हा आकडा एकत्र ठेवून डॉक्टरांनी सक्रिय देखरेखीचा, म्हणजे तूर्त उपचार न करता ठरावीक काळाने तपासत राहण्याचा सल्ला दिला, आणि काही हजार डॉलरचा हा खर्च मेडिकेअरने, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने उचलला.

इथे पुतण्याला मी आवर्जून सांगतो की त्या आकड्याने माझा जीव वाचवलेला नाही. त्याने मला एका शस्त्रक्रियेपासून, आणि तिच्यामागून येऊ शकणाऱ्या लघवीवरचा ताबा सुटण्याच्या व लैंगिक दुर्बलतेच्या त्रासापासून तूर्त दूर ठेवले. ब्रिटनमधील प्रोटेक्ट या मोठ्या अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्थानिक अवस्थेतील, म्हणजे रोग प्रोस्टेटपुरताच असलेल्या १,६४३ पुरुषांची देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली होती, आणि तिन्ही गटांत मिळून या रोगाने दगावलेले केवळ ४५ जण होते, म्हणजे शंभरात तिघांहूनही कमी. आकड्याची चाचणी नसतानाही बहुतेक माणसे वाचलीच होती. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मधील मार्गदर्शिकेत या चाचण्या सरसकट करू नयेत, निकालामुळे उपचाराचा निर्णय बदलण्याची शक्यता असेल तिथेच कराव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे.

शिवाय या चाचण्या ज्या गरजेतून जन्मल्या ती गरज अमेरिकेने स्वतःच निर्माण केलेली आहे. १९९४ मध्ये पीएसएला निदानासाठी सरकारी मान्यता मिळाली आणि त्यानंतर लाखो पुरुषांत असे रोग सापडले, जे आयुष्यभर गप्प बसले असते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, किरणोपचार झाले, आणि अनेकांनी त्याचे दुष्परिणाम विनाकारण भोगले. अखेर २०१२ मध्ये प्रतिबंधक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय समितीने सरसकट पीएसए तपासणी करूच नये असा सल्ला दिला आणि २०१८ मध्ये तो सौम्य करून ५५ ते ६९ या वयातील पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे असे म्हटले. कोणाला हात लावायचा नाही, हे ओळखण्याची निकड त्या अनुभवातून आली. २०२५ साली अमेरिकेत ३,१३,७८० नवे रुग्ण आढळतील असा इथल्या कर्करोग संस्थेचा अंदाज होता. चौपट लोकसंख्येच्या भारतात २०२२ चा जागतिक अंदाज सुमारे ३८ हजारांचा आहे, आणि त्यांतील मोठा हिस्सा दादांसारखा, रोग हाडांत गेल्यावर दवाखान्यात येतो. त्यांच्यासाठी ०.३१ आणि ०.६१ यांतला फरक निरर्थक आहे. तेव्हा माझ्यासारख्याच्या गाठीवर होते ती चाचणी गावोगावी मिळावी, ही मागणी मला चुकीच्या दिशेची वाटते.

आता माझ्या शाळासोबत्याच्या मुद्द्याकडे येतो. दादांना मुंबईला नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पुरुषी संप्रेरक बंद करण्याचा उपचार सुरू केला, जो चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिला होता आणि आजही उपचाराचा पाया आहे. त्याचबरोबर त्यांनी दादांचे रक्त जनुकीय तपासणीसाठी पाठवले. ही चाचणी गाठीचा स्वभाव मोजत नाही, जन्मतःच आईवडिलांकडून आलेला दोष शोधते. दादांच्या बीआरसीए२ या जनुकात, जे तुटलेला डीएनए सांधण्याचे काम करते, तसा दोष निघाला. हे अपवादात्मक नव्हे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोग शरीरात पसरलेल्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्क्यांमध्ये डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत असे वारशाने आलेले दोष आढळले होते, आणि स्थानिक अवस्थेतल्या रुग्णांत हेच प्रमाण ४.६ टक्के होते. म्हणजे रोग जितका पुढे गेलेला, तितकी ही चाचणी अधिक उपयोगाची. उशिरा येणारे रुग्ण अधिक असलेल्या प्रदेशात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

या अहवालाने उपचार बदलू शकतो. संप्रेरकाच्या उपचाराला रोग दाद देईनासा झाल्यावर ओलापॅरिब हे औषध अशा रुग्णांना देता येते. प्रोफाउंड या अभ्यासात बीआरसीए किंवा एटीएम जनुकात बदल असलेल्यांचे मध्यम आयुर्मान या औषधाने १४.७ महिन्यांवरून १९.१ महिन्यांवर गेले होते. चार-साडेचार महिन्यांचा हा फरक कराडच्या मध्यमवर्गीय घराला कोणत्या किमतीत परवडेल, हा प्रश्न मी टाळत नाही. पण प्लॅटिनम वर्गातील जुनी, स्वस्त औषधेही अशा दोषाच्या गाठींवर अनेकदा परिणाम करतात, आणि त्यांचा विचार करायचा तर दोष आधी माहीत असावा लागतो. म्हणून गरीब जिल्ह्यात जनुकांच्या गोष्टी कशाला, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की एक विशिष्ट चाचणी, एका विशिष्ट रुग्णाची, आयुष्यात एकदाच करायची असेल तर ती तिथेच सर्वांत आधी करायला हवी.

तिचा दुसरा उपयोग तर रुग्णाच्या पलीकडचा आहे. दादांचा अहवाल आला त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तोच दोष माझ्यात असण्याची शक्यता निम्मी होती. माझ्या ०.३१ मध्ये तो दिसणारच नव्हता. त्या चाचणीने गाठीतली हालचाल वाचली होती, वारसा वाचलाच नव्हता. बीआरसीए२ दोष असलेल्या पुरुषांचा रोग देखरेखीच्या काळात वरच्या श्रेणीत अधिक वेळा सरकतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०१९ मध्ये दाखवले होते. म्हणजे इतक्या महागड्या व्यवस्थेत राहूनही माझ्या रोगाविषयीची सर्वांत मोलाची माहिती मला मुंबईहून मिळाली. मी रक्त दिले, दोष निघाला नाही, आणि माझी देखरेख पूर्वीसारखीच चालू आहे.

पण इचलकरंजीची ताई आहे आणि दादांची दोन मुले आहेत. हा दोष ज्या स्त्रीमध्ये असतो तिला वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात सुमारे ६९ आणि बीजकोशाच्या कर्करोगाची सुमारे १७ असल्याचे एका मोठ्या अभ्यासाने २०१७ मध्ये सांगितले. पुतणी २६ वर्षांची आहे आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, “भाऊजी, लग्न ठरेपर्यंत तरी हे नाव काढू नका.” मी त्यांना दोष देत नाही. ज्या समाजात पत्रिकेतला मंगळही स्थळ मोडतो, तिथे रक्तातला दोष कागदावर आणायला आई घाबरणारच. तरीही मला हे गप्प राहणे मान्य नाही, कारण ज्या रोगाची चाहूल वेळेत लागू शकते, तो त्या मुलीला गाठू देणे हे तिच्या अब्रूचे रक्षण नव्हे. इथे अहवाल हाती देण्यापूर्वी समुपदेशकाने माझ्याशी तासभर बोलणे केले आणि कोणाला काय सांगावे हेही सुचवले. दादांच्या हाती मात्र इंग्रजीतली नऊ पाने आली. मराठीत बोलणारा जनुकीय समुपदेशक ही त्या घराची खरी निकड होती.

विम्याची भीतीही वहिनींनी बोलून दाखवली होती. अमेरिकेत २००८ चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला मनाई करतो, पण आयुर्विम्याला तो लागू नाही. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनुकीय विकार सरसकट वगळणारे विम्याचे कलम भेदभावाचे ठरवले होते. हे माहीत असलेली माणसे आमच्या ओळखीत फार थोडी निघाली.

लाळेवरून धोका सांगणाऱ्या पॅकेजांबाबत मात्र मी पुतण्याला स्पष्ट नकार दिला. ब्रिटनमधील बारकोड-१ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्यात १३० जनुकीय बदलांची बेरीज करून सर्वाधिक धोक्याचे दहा टक्के पुरुष निवडले होते आणि त्यांतील एमआरआय व बायोप्सी झालेल्यांपैकी ४० टक्क्यांमध्ये कर्करोग सापडला. काम चोख आहे, पण त्यातले सगळे पुरुष युरोपीय वंशाचे होते. ती बेरीज कराडच्या माणसाला तशीच लागू होते असे धरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालण्यासारखे आहे. वारशाच्या चाचणीतही ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आपल्या लोकांच्या वाट्याला अधिक येतो, कारण तुलनेसाठी आपल्यासारख्यांच्या नोंदीच थोड्या आहेत. जिनोम इंडिया प्रकल्पाने १०,०७४ भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ही मला अलीकडची सर्वांत आशादायक बातमी वाटते. पोटजातीतच लग्ने करण्याची आपली रीत लक्षात घेता, काही समूहांत विशिष्ट दोष दाटलेले असू शकतात, आणि ते आपल्याच नोंदींतून कळतील.

रोग पसरलेल्या प्रत्येक रुग्णाची वारशाच्या दोषांची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, दोष निघाल्यास भावंडांना आणि मुलांना ती मोफत मिळावी आणि अहवाल मराठीत समजावून सांगितला जावा, असे पत्र मी आणि शाळासोबत्याने मिळून आमच्या भागाच्या आमदारांना लिहिले आहे. मसुदा त्याचा आहे, आणि पडद्यांची उपमा त्याने स्वतःहून वगळली.

पुतणीने मात्र कोणाचीही वाट पाहिली नाही. गेल्या आठवड्यात तिने मला विचारले की रक्त देण्यापूर्वी उपाशी राहावे लागते का. लागत नाही, असे मी सांगितले. वहिनी तिच्यासोबत मुंबईला जाणार आहेत.