‘नीती बाजूला ठेवा, नुसतं मोजा’ म्हणणाऱ्यांना

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. समाजशास्त्र शिकणारी मुलंसुद्धा तो पुढे पाठवताना दिसली, म्हणून लिहायला बसले. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: संशोधकाने चांगल्या-वाईटात पडू नये, नुसतं मोजावं. ज्याला एखादी गोष्ट अन्यायाची वाटते, त्याच्या अभ्यासावर भरवसा ठेवू नये. संशोधकांत नैतिक मतभेद शिरले की सगळं ‘ज्याचं त्याचं मत’ होतं. आणि शास्त्र पुढे जातं ते एकमताने.

आधी ‘नुसतं मोजावं’ हे घेऊ. मोजायचं काय? पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च त्यांनी किमान धरला. १९६०-६१ च्या किमतींनी तो खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये भरला. उष्मांक किती लागतात ते आहारशास्त्र सांगतं. पण पोट भरलं म्हणजे माणूस गरीब राहिला नाही, हे कुठलं शास्त्र सांगतं? त्याआधी १९६२ मध्ये एका तज्ज्ञगटाने माणशी महिना २० रुपयांची पातळी सुचवली होती. तिच्यात औषधपाणी आणि शिक्षणाचा खर्च धरलेलाच नव्हता, कारण तो सरकार उचलेल अशी अपेक्षा होती. ज्या घराने खाजगी डॉक्टरसाठी शेळी विकली, त्याच्यासाठी ही अपेक्षा फार महाग पडते.

आता २०११-१२ हे एकच वर्ष घ्या. गरिबी कशी मोजायची हे ठरवायला सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने देशात सुमारे २७ कोटी लोक गरीब निघाले आणि तशाच नंतरच्या रंगराजन समितीच्या पद्धतीने सुमारे ३६ कोटी. नऊ कोटी माणसं दारिद्र्यरेषेच्या या बाजूला की त्या? काही फरक तांत्रिक आहे, हे मान्य. पाहणीत लोकांना खर्च किती दिवसांचा आठवायला सांगितला, यावरही उत्तर बदलतं. पण मोठा फरक आहे तो माणसाच्या किमान गरजांत काय धरायचं याचा. रंगराजन समितीने उष्मांकांसोबत प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ धरले, कपडे, घरभाडं, प्रवास आणि शिक्षण यांचाही वेगळा विचार केला. माझ्या मते ते जास्त योग्य होतं. कुणाला तसं वाटणार नाही. पण हा वाद आकडा छापून आल्यावर सुरू झालेला नाही, तो आकड्याच्या आतच होता. वाद दडपला तर आकडा निर्मळ होत नाही, फक्त तो कोणी आणि कशावरून ठरवला ते दिसेनासं होतं.

ज्याला अन्याय वाटतो त्याच्या अभ्यासावर भरवसा नको, हा दुसरा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. मजकुराच्या हिशेबाने हा अभ्यासक पहिल्याच फेरीत बाद! त्या निबंधात त्यांनी दाखवलं की युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या उलगड्यात कातडीच्या रंगाला अवाजवी महत्त्व दिलं, कारण रंगाचा पूर्वग्रह त्यांच्याच मनात भिनलेला होता. म्हणजे बाहेरचा तो तटस्थ, हेही खरं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी केलेल्या जातीच्या व्याख्येला आंबेडकरांनी मनापासून दाद दिली, आणि मग तिच्यातली दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्मानेच मिळणारं सदस्यत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे दाखवून ती दुरुस्तही केली. जातीतल्या जातीत लग्न हाच गाभा असेल, तर जोडीदार गेल्यावर मागे उरलेल्या विधवेचं आणि विधुराचं काय करायचं? त्यांनी जातीबाहेर लग्न केलं तर कुंपणच मोडतं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची संगती त्यांनी या प्रश्नातून लावली. हे खोडायचं तर पुरावा आणावा लागेल. ‘त्यांना जातीचा राग होता’ एवढ्याने ते खोडलं जात नाही.

मतभेदाने सगळं नुसतं मत होतं, यावर फार शब्द खर्चायला नकोत. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजूंतली असमानता त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, अशी या मार्गदर्शकाची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, वंशाचा आणि असमानतेचा संबंध सापडला नाही, आणि तसंच लिहून दिलं. प्रश्न पूर्वग्रहातून आला होता, तरी उत्तर ‘नाही’ येऊ शकलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरचं नाव या वादात नेहमी पुढे केलं जातं. ‘काय आहे’ आणि ‘काय असावं’ यांची सरमिसळ नको, हे त्याचं म्हणणं मलाही मान्य आहे. पण कोणता प्रश्न अभ्यासाला घ्यायचा हे मूल्यांवरूनच ठरतं, असंही तोच म्हणतो.

राहिलं एकमत. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एक संकेतांक आहे, ९३. घरकाम करून शिवाय सरपण, चारा, भाजी गोळा करणाऱ्या आणि घरच्यासाठी शिवणटिपण करणाऱ्या व्यक्तीला तो लागतो, आणि तो लागला की ती व्यक्ती श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर मोजली जाते. वर्षानुवर्षं यावर जवळजवळ एकमत होतं, फार कुणाचं बिघडलं नाही. हे काम नाही तर काय आहे, असं स्त्री-अभ्यासक भांडत राहिल्या. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली, आणि देशभराची पहिली पाहणी व्हायला २०१९ उजाडलं. तिच्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं, आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. एकमत टिकलं असतं, तर ही मिनिटं कुणी मोजलीच नसती.