दंड भरतील, पण विमा घेणार नाहीत

अमेरिकेत विम्याशिवाय राहणाऱ्यांना सरसकट बेजबाबदार म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता. तो चालू होता तेव्हा ह्यूस्टनमधला माझा एक मित्र दरवर्षी दंड भरायचा. माणूस पक्का हिशेबी, किराण्याची पावतीसुद्धा दुकानातच तपासणारा.

त्याचा 2016 चा हिशेब बघा. वय पन्नाशीचं, छोटा धंदा, एकटा जीव, उत्पन्न 54,000 डॉलर. एकट्या माणसाला हप्त्यावर सरकारी सबसिडी मिळायची 47,080 डॉलर उत्पन्नापर्यंत. हा त्याच्या वर, म्हणजे एक दमडी नाही. ब्रॉन्झ म्हणजे खालच्या पायरीच्या प्लॅनांपैकी सगळ्यात स्वस्त प्लॅनचा हप्ता महिन्याला 340, वर्षाचे 4,080. वर डिडक्टिबल, म्हणजे कंपनीआधी आपण भरायची रक्कम, 6,000. वर्षाची तपासणी आणि लसी फुकट, बाकी पहिले सहा हजार आपल्याच खिशातून. आणि दंड? ठरावीक रक्कम वजा करून उरलेल्या उत्पन्नाच्या अडीच टक्के, साधारण 1,090. तो म्हणायचा, "दहा हजार गेल्यावर कंपनी पहिला डॉलर काढणार. त्यापेक्षा अकराशे फेकतो आणि मोकळा होतो." बीपीच्या गोळ्या तो रोखीनं आणायचा.

तो बरोबर होता असं मी म्हणणार नाही. एक अपेंडिक्स फुटलं असतं तर धंदा विकायची पाळी आली असती. इमर्जन्सीत रुग्णाला हाकलायचं नाही असा कायदा 1986 पासून आहे. बिल पाठवू नका असं त्यात कुठे लिहिलंय?

पण दंडाचा धाक तरी कुठे होता? आयआरएसला, म्हणजे तिथल्या केंद्राच्या टॅक्स खात्याला, त्यासाठी ना जप्ती आणता येत होती, ना फौजदारी खटला भरता येत होता. फार तर टॅक्स रिफंडमधून कापून घ्यायचे. (ज्याचा रिफंडच निघत नाही त्याला काय फरक पडतो!)

2019 पासून केंद्राचा दंड शून्य झाला. मग 2021 ला सबसिडीची वरची मर्यादा उठली आणि हप्त्याचा बोजा उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास रोखला गेला. त्या वर्षी मार्केटप्लेसवर, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमा बाजारात, विमा घेणारे होते सुमारे 1.2 कोटी, 2024 ला 2 कोटींच्या वर गेले. तेही बहुतेक राज्यांत दंडाचं नाव नसताना! ही वाढीव सवलत 2025 अखेरपर्यंतच होती, पण दिसायचं ते तोवर दिसलं. माझ्या मित्रानं 2022 ला मुकाट्यानं ब्रॉन्झच्या वरचा सिल्व्हर प्लॅन घेतला. का, तर हप्ता परवडला.